यादीतली सून

"टकर!" नोरीननं माइकमध्ये पुकारलं.

मंचावर पहिल्या रांगेत बसलेली मर्ल उठली. एका हातानं तिनं टोपी सावरली, दुसऱ्या हातानं छातीवरचा जहाजाचा बिल्ला सरळ केला आणि घसा खाकरून म्हणाली, "उतरलो!"

टाळ्या पडल्या. नोरीननं मान वर केली नाही. गेली वीस वर्षं ती हेच बघत होती. मर्ल उठणार, टोपी सावरणार, आणि तिच्या शेजारी बसलेला कीथ अशी मान डोलावणार, जसा काही जहाजाचा नांगर त्यानंच टाकला होता! कीथ म्हणजे मर्लचा नवरा आणि नोरीनचा सख्खा थोरला भाऊ. बायकोच्या माहेराच्या पुण्याईवर हा मंचावर, आणि त्याची बहीण खाली स्वयंपाकघराच्या खिडकीला टेकून उभी. नोरीनच्या पोटात दुखायचं. वर्षातले तीनशे चौसष्ट दिवस ती ते गिळून टाकायची, जहाजदिनाच्या दिवशी मात्र ते गळ्याशी यायचं.

पोर्ट हॅनात दर फेब्रुवारीला जहाजदिन होतो. अठराशे बेचाळीस साली 'हॅना ली' नावाचं जहाज इंग्लंडातल्या डेव्हनमधून निघालं आणि चार महिन्यांनी न्यूझीलंडच्या या किनाऱ्याला लागलं. त्यातून आलेल्या एकवीस घराण्यांची नावं सभागृहाच्या भिंतीवर सोनेरी अक्षरांत रंगवलेली आहेत. यादी वाचतात, नाव पुकारलं की त्या घराण्यातलं वडीलधारं माणूस उभं राहतं आणि सगळ्या घरादाराच्या वतीनं म्हणतं, "उतरलो." मग या उतरलेल्यांची पंगत मंचावर बसते. जावयांना, सुनांनासुद्धा वर जागा असते. बाकीचा गाव खाली.

आणि यादी वाचायची कुणी? तर नोरीन लक्स्टननं. कारण अडतीस वर्षं ती गावच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये बसून "नंबर?" म्हणत होती आणि पोर्ट हॅनात असा एकही कान नव्हता ज्याला तो आवाज ठाऊक नाही. गावातली बारशी, मयतं, भानगडी, सगळं तिच्याच हातून या घरातून त्या घरात गेलेलं. एकवीस घराण्यांची नावं ती खणखणीत पुकारायची. तिचं नाव पुकारायला मात्र कुणी नव्हतं.

आता गंमत अशी, की नोरीनची पणजीही त्याच जहाजातून आली होती.

जहाजाच्या मूळ यादीत लिहिलं होतं: थॉमस टकर, शेतमजूर, बायको ग्रेस, मुलगा जॉन, तान्हा; सुझन, सून. वयाच्या रकान्यावर शाई सांडलेली. ही सुझन म्हणजे नोरीनची पणजी. पण घरातला मुलगा एकच, तोही पाळण्यातला, मग ही सून कुणाची? गावानं या कोड्यावर तीन पिढ्या दात काढले. नोरीन शाळेत असताना पोरं विचारायची, "काय गं, तुझी पणजी नवऱ्याचे लंगोट धुवायची म्हणे?" मोठी माणसं याहून वाईट बोलायची. थॉमसनं कुणीतरी उनाड पोरगी 'सून' म्हणून जहाजात घातली, बायकोच्या नाकावर टिच्चून. नोरीनच्या आईनं असली बोलणी जन्मभर ऐकली आणि ती मान खाली घालूनच मेली.

पन्नास वर्षं झाली तेव्हा भिंतीवरचा बोर्ड रंगवला. समितीचा अध्यक्ष कोण? तोच पाळण्यातला जॉन टकर, आता पन्नाशीचा, मर्लचा पणजोबा. त्यानं सुझनचं नाव गाळलं. सुझन तेव्हा जिवंत होती. आजी सांगायची, "आईनं त्या दिवसासाठी नवी टोपी घेतली होती. सभागृहात गेली, बोर्ड वाचला, घरी आली, टोपी खोक्यात घातली. परत कधी काढली नाही." याच्यापुढं काही विचारलं की आजी म्हणायची, "ती त्याबद्दल बोलायची नाही." एवढंच होतं, की सुझन म्हाताऱ्या ग्रेसला शेवटपर्यंत 'आई' म्हणायची. लोक म्हणायचे, सासूला आई म्हणते, तेवढा तरी गुण आहे.

अकरा वर्षांपूर्वी नोरीननं हे प्रकरण हातात घेतलं. समितीचं म्हणणं सरळ होतं: यादीत गोंधळ आहे, आणि गोंधळातलं नाव बोर्डावर घेता येत नाही. समितीची अध्यक्ष आता मर्ल. तेव्हा नोरीननं ठरवलं, टकरांचा एखादा थोरला मुलगा शोधून काढायचा, जहाजावर चढायच्या आधी मेलेला. एकदा का तो मेलेला नवरा सापडला की सुझन इभ्रतीची विधवा सून ठरणार, आणि मग बघू या मर्लबाई कशी नाही म्हणते ते! तिनं डेव्हनमधल्या चर्चना पत्रं घातली, सुट्ट्या लायब्ररीत काढल्या, डोळ्यांचा नंबर वाढवून घेतला. थोरला मुलगा काही सापडेना.

एक्सचेंजमधल्या शेजारच्या खुर्चीवर मेरेआना बसायची. ती माओरी, या देशातल्या मूळ लोकांपैकी, नोरीनपेक्षा वीस वर्षांनी लहान आणि जिभेला हाड नसलेली. ती म्हणाली, "एका जहाजावरून किती गं तुमची मारामारी! आमच्या होडीतून कोण कोण आलं ते माझी आजी एका दमात म्हणून दाखवते, सातशे वर्षांपूर्वीचं."

"तुमच्याकडे कुणाचं नाव गाळत नाहीत?"

"गाळतात की. ज्याच्याशी भांडण असेल त्याच्यापाशी आजीला नेमका खोकला येतो."

नोरीनला त्या दिवशी पुष्कळ दिवसांनी हसू आलं.

नोव्हेंबरात डेव्हनहून पत्र आलं. मिस येलंड नावाच्या एका निवृत्त शिक्षिकेचं, चर्चच्या वह्या सांभाळणाऱ्या. नोरीननं ते एक्सचेंजमध्ये, कामाच्या मधल्या सुट्टीत उघडलं.

'तुम्ही अकरा वर्षं भलत्याच माणसाचा शोध घेत आहात,' बाईंनी लिहिलं होतं. 'टकरांना थोरला मुलगा नव्हता. त्या काळी आमच्याकडे सावत्र मुलीलाही 'डॉटर-इन-लॉ', म्हणजे सूनच लिहीत. कायद्यानं झालेली मुलगी, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. मग ती मुलाच्या लग्नामुळं झालेली असो की स्वतःच्या. ग्रेस ही विधवा होती. पहिला नवरा रॉबर्ट हेक्स्ट, खाणीत वारला. त्यांना एकच मुलगी, सुझन. थॉमस टकरशी ग्रेसचं लग्न झालं तेव्हा ती सात वर्षांची होती. जहाजावर चढली तेव्हा नऊ.'

नोरीननं पत्र दोनदा वाचलं. नऊ! तीन पिढ्या ज्या बाईच्या चारित्र्यावर गाव जिभा चालवत होता, ती नऊ वर्षांची पोर होती. आणि सासूला नव्हे, ती आईलाच आई म्हणत होती.

"काय झालं गं?" मेरेआनानं विचारलं. "चेहरा असा का?"

"मी तिला नवरा शोधत होते," नोरीन म्हणाली. "अगं, मी एका नऊ वर्षांच्या पोरीला नवरा शोधत होते."

स्विचबोर्डावर दिवे लुकलुकायला लागले. मेरेआनानं तिच्या वाटचेही फोन जोडून दिले.

पहिला धक्का ओसरला तसा नोरीनच्या मनात जुना विंचू पुन्हा चालू लागला. म्हणजे ग्रेस ही मर्लची एकटीची नाहीच! मर्लच्या स्वयंपाकघरातलं ते ग्रेसचं पितळी पातेलं, जहाजातून आलेलं, ज्यात मर्ल जहाजदिनाची साय धरते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवते, त्यावर जॉनच्या आधी सुझनचा हक्क. पोटची पहिली पोर सुझन. आणि गावच्या त्या काळच्या डॉक्टरांच्या घरच्या जुन्या वहीत नोरीननं मागंच वाचलं होतं: मोलकरीण सुझन, अठराशे त्रेचाळीस. तेव्हा तिला त्यात काही वाटलं नव्हतं. आता तिनं बोटांवर मोजलं. दहा. दहाव्या वर्षी पोरीला लोकांकडे भांडी घासायला धाडलं आणि पितळी पातेल्यातली साय जॉननं खाल्ली.

शनिवारी ती पत्र घेऊन भावाच्या घरी गेली. मर्ल त्याच पातेल्यासमोर उभी होती. मंद आचेवर तापवून रात्रभर निवलेल्या दुधावरची पिवळीजर्द साय ती झाऱ्यानं अलगद उचलत होती.

"बस. चहा टाकते," मर्ल म्हणाली. "कीथ मेंढ्यांकडे गेलाय."

"मला तुझ्याशीच बोलायचंय. हे वाच."

मर्लनं हात पुसले, चष्मा लावला. वाचता वाचता तिचा मानेपासून कानापर्यंत रंग बदलत गेला. नोरीन बघत होती, आणि खरं सांगायचं तर तिला फार बरं वाटत होतं. अकरा वर्षं ती याच मिनिटाची वाट बघत होती.

"म्हणजे ग्रेस आमची..." मर्ल म्हणाली.

"आमचीसुद्धा. आणि आधी आमची. दहाव्या वर्षी डॉक्टरांकडे भांडी घासायला धाडली ती हिचीच पोटची पोर."

"हे समितीपुढं ठेवणार?"

"बोर्डावर नाव लावणार. तूच म्हणायचीस ना, गोंधळ मिटव आणि ये? मिटला गोंधळ."

मर्ल खाली बसली. झारा अजून हातातच होता. "नोरीन, जरा विचार कर. दर वर्षी मी शाळेतल्या पोरांना ग्रेसची गोष्ट सांगते. समुद्रातून तान्हं लेकरू पोटाशी धरून आलेली आई. आता काय सांगू? की थोरलीला हिनं वर्षाच्या आत दुसऱ्याच्या दारात ढकललं?"

"सांग की. खरं तेच सांग."

"नव्या नवऱ्यापुढं तिचं काय चाललं असेल, तुला काय माहीत? तुझं लग्न झालेलं नाही."

हे लागलं. नोरीनचा तिळपापड झाला. "हो, नाही झालं! आईला सांभाळायला कुणीतरी घरात हवं होतं, आणि माझा भाऊ तर टकरांचा जावई होऊन मंचावर जाऊन बसला होता. तुला काय गं, सगळं आयतं! नाव आयतं, पातेलं आयतं, माझा भाऊही आयता. मी वीस वर्षं खालून तुझ्या नावानं ओरडते."

"आणि मला तुझा हेवा वाटतो, ते कुणी विचारलंय?" मर्लनं झारा ओट्यावर आपटला. साय उडाली. "सगळा गाव तुझा आवाज ओळखतो. मुलं रडली की बाया तुला फोन करतात, डॉक्टर कुठं आहेत म्हणून. मला काय आहे? वर्षाला एक शब्द. एक! 'उतरलो.' तोही आता तुला हवाय."

नणंद-भावजय पस्तीस वर्षं हसून बोलत होत्या. खरं बोलायची ही पहिलीच वेळ. मर्लनं चहा टाकलाच नाही, आणि नोरीनही थांबली नाही.

दारात कीथ भेटला, बूट काढत. त्याला सगळं सांगितलं तर तो म्हणाला, "मेलेल्यांना कशाला उकरतेस? आहे ना मी मंचावर. आपल्या घरातला एक माणूस वर आहे, पुष्कळ झालं."

जानेवारीत एके दुपारी स्विचबोर्डावर मर्लच्या घराचा दिवा लागला. नोरीननं पिन खुपसली. "नंबर?"

"नंबर नको. तूच हवीयस," मर्ल म्हणाली. "काल समिती बसली. नाव लागणार."

नोरीननं हेडफोन कानाशी दाबला.

"पण टकरांच्या खाली नाही. ती टकर नव्हतीच ना. पत्रात आहे तसं, हेक्स्ट. वेगळं घराणं, बाविसावं. पुकारा वेगळा होईल."

"वेगळं," नोरीन म्हणाली. "म्हणजे पुन्हा बाहेरच काढलीत."

"तुला कसं घ्यायचं तसं घे," मर्ल म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

नोरीननं तो रागानंच घेतला. रात्रभर तळमळली. पण दुसऱ्या दिवशी ती आरशासमोर उभी राहिली आणि हलक्या आवाजात म्हणून बघितलं. उतरलो. उतरलो. जरा जास्तच घोगरं वाटलं. मग तिनं दुकानात जाऊन एक टोपी घेतली, निळी, आणि महिनाभर ती खोक्यातून काढली नाही.

जहाजदिनाला ऊन रणरणत होतं. सभागृहाचे सगळे दरवाजे उघडे, बायका कार्यक्रमपत्रिकेनं वारा घेत होत्या. भिंतीवर 'हार्डिंग'च्या खाली ताजी सोनेरी ओळ चमकत होती: हेक्स्ट, सुझन, वय ९. बाकीच्या घराण्यांत पाच-पाच, आठ-आठ नावं. हेक्स्टांमध्ये एकच. मेरेआना खास आली होती, तिच्या म्हाताऱ्या आजीला घेऊन, आणि दोघी मागच्या बाकावरून बोर्ड वाचत होत्या.

नोरीन नेहमीच्या जागी, स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी, माइकसमोर उभी राहिली. डोक्यावर निळी टोपी. मंचावर मर्ल, कीथ, सगळे. मर्लनं एकदाही तिच्याकडे बघितलं नाही.

"अ‍ॅशफर्ड!" — "उतरलो!"

"क्लॅपवर्दी!" — "उतरलो!"

"हार्डिंग!" — "उतरलो!"

मग तिनं पुढची ओळ वाचली. आवाज तिचाच होता, पण अडतीस वर्षांत तो कधी असा कापला नव्हता. "हेक्स्ट."

आणि मंचावर कीथ उभा राहिला.

अगदी सहज उभा राहिला, कोटाचं बटण लावत. त्याचं काही चुकलंही नव्हतं. घराण्यातलं थोरलं माणूस उठतं, ही रीतच आहे, आणि तो तिच्याहून दोन वर्षांनी मोठा. सुझन त्याचीही पणजी. अकरा वर्षांत नोरीननं ही गोष्ट एकदाही मनाशी म्हटली नव्हती. तिच्या लेखी कीथ टकरांचा होऊन गेलेला होता. करून गेला गाव आणि भलत्याचंच नाव, दुसरं काय! तिच्या हातातला कागद ओला झाला. तिला वाटलं, आता तो बोलेल, टाळ्या पडतील, आणि मी 'किंग्डन' म्हणून पुढचं नाव वाचेन. खिडकीतून सायीचा गोड वास येत होता. तिनं पुढच्या ओळीवर बोट ठेवलंसुद्धा.

कीथनं घसा खाकरला. तेवढ्यात मर्लचा हात वर गेला आणि तिनं नवऱ्याच्या कोटाची शेपटी धरून त्याला खाली ओढलं. खुर्ची करकरली.

"बस खाली," मर्ल म्हणाली. माइक नव्हता, तरी सगळ्या सभागृहाला ऐकू गेलं. "तुझं नाहीये ते."

"अगं, पण मी थोरला—"

"तू टकरांमध्ये जेवतोस ना? जेव. गप्प बस."

कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. मर्ल आता सरळ खाली, स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघत होती. तिचा चेहरा लाल होता, आणि त्यावर माया वगैरे काही नव्हती. घे बाई एकदाचं, असं तो चेहरा म्हणत होता.

नोरीननं कागद खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. माइकपासून ती एक पाऊल बाजूला झाली. स्वतःच पुकारायचं आणि स्वतःच ओ द्यायची, हे तिला बरं वाटेना. टोपीला हात लावला. महिनाभर घोकलेला शब्द तिच्या जिभेवर होता, साऱ्या घरादाराचा शब्द. पण बोर्डावर एकच नाव होतं. नऊ वर्षांची पोर, बाप डेव्हनच्या मातीत, आई दुसऱ्या लेकराला पोटाशी धरून पुढं गेलेली.

"उतरले," नोरीन म्हणाली.

माइक नसल्यामुळं ते मागच्या बाकांपर्यंत पोचलं नाही. मेरेआनाची आजी कानाला हात लावून विचारत होती, काय म्हणाली, काय म्हणाली ती? नोरीननं कागद उचलला, पुन्हा माइकपाशी आली आणि नेहमीच्या खणखणीत आवाजात पुढचं नाव पुकारलं.